पुढची मात्रा कोण ठरवतो?

कार्यक्रमपत्रिका अजून माझ्याकडे आहे. जाड, गुळगुळीत कागद. वर नक्षी. खाली तीन रकाने. पहिला रकाना : पारंपरिक लोकसंगीत, २० मिनिटं. दुसरा : अभिजात गायन, ७५ मिनिटं. तिसरा : उत्स्फूर्त संगीत, म्हणजे आधी न ठरवता मंचावर तिथल्या तिथं घडवायचं संगीत, ४५ मिनिटं. गायिकेचं नाव आहे, फोटो आहे, गुरूचं नाव आहे, घराणं आहे. तबलजीचं नाव आहे. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचं आहे, ड्रमसेटवाल्याचंही आहे. पहिल्या रकान्यात मात्र एकच ओळ : ‘पूर्व विदर्भातील कलावंत व संच.’

दोस्तांनो, समीक्षा इथूनच सुरू होते. सूर लागण्याआधी. आपले प्रस्थापित संगीतसमीक्षक पडदा वर गेल्यावर लिहायला बसतात. आपण पत्रिका छापली जाते तिथपासून बसायला पाहिजे. कारण नऊ माणसांना ‘संच’ म्हणून उरकणारा हात आणि त्या नऊ माणसांना २० मिनिटं देणारा हात एकच असतो.

हा कार्यक्रम आपल्या नागपुरातच झाला, गेल्या हिवाळ्यात. सभागृहाचं आणि आयोजकांचं नाव लिहीत नाही. त्यांच्यावर मेहेरबानी म्हणून नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, अमुक लोक वाईट आहेत. अशा रात्री आता गावोगावी होतात आणि सगळ्यांचा साचा हाच असतो. मला साच्याबद्दल बोलायचं आहे.

पडदा वर गेला. निवेदिका म्हणाली, आता मातीचा सुगंध. आमच्याबद्दल बोलताना ह्या लोकांना मातीशिवाय दुसरं काही आठवत नाही. सगळ्यांच्या डोक्याला एकाच रंगाचे कोरे करकरीत फेटे बांधलेले. दंडारीची दोन पदं झाली, मग खडी गंमतीतला एक तुकडा. खडी गंमत म्हणजे भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडची उभ्यानं करायची गंमत : शाहीर, नाच्या, ढोलकी, तुणतुणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागच्या जागी सुचलेला जबाब. गावात ती रात्रभर चालते. समोर कोण बसलंय ते बघून शाहीर बोलतो. पाटील बसला असेल तर पाटलावर, सावकार बसला असेल तर सावकारावर. इथं तिचे आठ मिनिटांत तुकडे केले. शाहिराला समोरच्यांवर बोलायची परवानगी नव्हती, असं दिसलं. पाठ केलेलं बोलला आणि बाजूला झाला. टाळ्या पडल्या. रसिक म्हणाले, काय एनर्जी आहे!

शेवटी डफडं वाजलं. पंचविशीतला पोरगा. चारच मिनिटं. पण सभागृहाच्या भिंती हलल्या. ह्या पोराकडे पुन्हा येतो.

दुसरा भाग. इथं मी खोटं लिहिणार नाही. गायिका चांगलीच गायली. आपल्यापैकी काहींना वाटतं, अभिजात म्हटलं की नाकच मुरडलं पाहिजे. मला नाही वाटत. ज्या गाण्याला आपल्या बापजाद्यांना उंबऱ्याबाहेर बसवलं, ते गाणं वाईटच असेल असं नाही. ते आपल्यापासून दूर ठेवलं गेलं, गुन्हा तो आहे. विलंबित ख्याल चाळीस मिनिटं चालला. ती एकाच बंदिशीच्या मुखड्याकडे पुन्हा पुन्हा वेगळ्या वाटेनं येत होती. कधी बोल तोडून, कधी तान घेऊन, कधी नुसतीच थांबून. गाण्यातली माणसं ह्याला उपज म्हणतात. आधी ठरवलेलं नाही, आत्ता सुचलं. राग ठरलेला, ताल ठरलेला, पण पुढचा सूर कुठला ते गाणारी ठरवणार. तबलजी तिच्याकडे डोळे लावून बसलेला. ती थांबली की तो थांबणार. ती निघाली की तो निघणार.

आपल्या विदर्भानं हे गाणं भोगलंय. मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे मास्तरांकडे शिकले. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, लावणी, सगळं एकाच गळ्यातून आलं. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’तले त्यांचे खाँसाहेब लोक अजून विसरलेले नाहीत. तेव्हा मिसळणं हे काही आज कुणाला लागलेलं नवं वेड नाही. चांगला गाणारा नेहमीच मिसळतो. प्रश्न मिसळण्याचा नाही.

तिसरा भाग पाहा, म्हणजे प्रश्न कशाचा ते कळेल.

मंचावर सगळे एकत्र. मधोमध सॅक्सोफोन. उजवीकडे गायिका आणि तबलजी. मागं ड्रमसेट. आणि डावीकडे कोपऱ्यात, स्पॉटलाइट अर्धाच पडेल अशा जागी, तो डफडंवाला पोरगा. बाकीचे आठ जण परत आलेच नाहीत. निवेदिका म्हणाली, आता कुठलेही नियम नाहीत, आता सगळं मुक्त.

पहिली वीस मिनिटं मी घड्याळ धरून ऐकली. सॅक्सोफोननं आलाप घेतला, गायिकेनं उत्तर दिलं. तबलजीनं कायदा मांडला, ड्रमसेटवाल्यानं तो उचलला. हसणं, मान डोलावणं, एकमेकांना वाव देणं. डफडंवाला ह्या सगळ्याच्या खाली आठ मात्रांचा ठेका धरून होता. त्याला कुणी विचारलं नाही. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. त्यानं रस्ता व्हायचं, बाकीच्यांनी त्यावरून चालायचं.

मग ते झालं. बहुतेक चुकून झालं. सॅक्सोफोनवाला श्वास घ्यायला थांबला, तबलजी बोटं पुसत होता, आणि एक जागा रिकामी राहिली. पोरानं ती घेतली. छडी आडवी मारली, ठेका मोडला, दुप्पट केला, मधेच एक मात्रा गिळून टाकली, आणि सगळ्या मंचाला ठेच लागली. सॅक्सोफोनवाल्यानं वळून पाहिलं. हसला. वाद्य तोंडाला लावलं आणि पोराच्या मागं निघाला. मागं, पुढं नव्हे. दोन मिनिटं, फार तर अडीच. त्या पितळी वाद्यातून असा आवाज निघत होता, जसं कुणी माणूस मौतीत गळा काढून रडतंय आणि रडता रडता शिव्या देतंय. माझ्या अंगावर काटा आला. पूर्ण रात्रीत संगीत म्हणून जे काही नवीन घडलं ते ह्या दोन मिनिटांत घडलं.

मग तबल्यावरून जोरात तिहाई आली. तिहाई म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर बंद करणं. दार लावून घेतात तसं. पोरगा समेवर थांबला आणि पुन्हा आठ मात्रांच्या खुंट्याला बांधला गेला. प्रेक्षकांनी तिहाईला टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमानंतर मागच्या गेटजवळच्या टपरीवर तो भेटला. फेटा परत घेतला होता. थंडीत नुसत्या सदऱ्यावर उभा होता. जातीनं मांग, हे त्यानंच सांगितलं. म्हटलं, गड्या, मधात काय वाजवलं रे तू!

“भाऊ, चूक झाली थे,” तो म्हणाला. “आमाले सांगतलं होतं का आठ मात्रा धरून ठेवाच्या, कमी नाही का जास्ती नाही. पन जागा खाली दिसली, मले राहवलं नाही. तो बाजेवाला हासला, मंग मी बी सोडलं.”

“कोणी काही म्हटलं का?”

“म्हटलं नाही. तबल्यावाल्यानं डोळे वटारले.” मग चहा फुंकत म्हणाला, “माहा बाप म्हने, मौतीत डफडं वाजवनाऱ्याच्या तोंडाकडं कोनी पाहत नाही, सारे तिरडीकडं पाहतात. आज त्या बाजेवाल्यानं तोंडाकडं पाह्यलं माह्या.”

हे वाक्य मी तसंच्या तसं लिहून ठेवलं. कारण त्यात माझ्या रागाला उत्तर आहे. मंचानं त्याला काहीच दिलं नाही असं म्हणणं सोपं होतं. मंचानं त्याला दोन मिनिटं दिली. देणाऱ्यांच्या मनात नसताना. ती दोन मिनिटं त्याची होती आणि त्याला ती कळली होती. पण त्याच्या तोंडी शब्द होता ‘चूक’. गायिकेला सुचलं ती उपज, त्याला सुचलं ती चूक. दोस्तांनो, जातिव्यवस्था संगीतात कुठं राहते ते शोधायला लांब जायला नको. ती ह्या दोन शब्दांच्या मधात राहते.

आता थोडं मागं जाऊ. डफड्याचं आणि आपलं नातं काय ते आपण एकदा नीट बोललो पाहिजे, कारण आपण ते बोलायचं टाळतो.

माझा आजा गावात कोतवालकी करायचा. दवंडी द्यायचा. गळ्यात डफडं, हातात दोन काड्या. साहेब येणार आहे, ढुम. बाजार बंद आहे, ढुम. मजकूर दुसऱ्याचा, आवाज आजाचा. त्याला एक अक्षर इकडंतिकडं करायचा हक्क नव्हता. मांगांच्या घरी तर डफडं-सनई म्हणजे सगळ्या गावाची सेवा : लग्नात वाजवा, पण मांडवाबाहेर. देवळापुढं वाजवा, पण पायरीखाली. मौतीत वाजवा. पोळ्याला वाजवा. आज अंगात ताप आहे, वाजवत नाही, असं म्हणायची सोय नाही. मोबदला म्हणजे बलुतं आणि उष्टं.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं ढोर, मेलेलं मांस, उष्टी भाकर सोडा म्हणून सांगितलं. त्या सोडण्याच्या यादीत लोकांनी आपापल्या गावात आणखी पुष्कळ गोष्टी घातल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला ह्याच नागपुरात लाखो माणसांनी धम्म घेतला. माझा आजा त्यांच्यात होता. गावी परत गेल्यावर त्यानं डफडं खुंटीला टांगलं आणि नंतर कधी उतरवलं नाही. बाप सांगायचा, उंदरांनी त्याचं कातडं खाल्लं, आजा बघत बसला, हाकललं नाही.

आजा चुकला का? एक क्षणही नाही. ते वाद्य त्याच्यासाठी वाद्य नव्हतंच. ते पट्टा होतं. जे लोक आज म्हणतात, अरेरे, दलितांनी आपला सांस्कृतिक वारसा टाकून दिला, त्यांनी एक दिवस ते डफडं गळ्यात घालून दुसऱ्याची दवंडी द्यावी आणि मग वारशाबद्दल बोलावं.

इथं एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायना इथं १७३९ साली गुलामांनी बंड केलं. त्यांच्या हातात ढोल होते. पुढच्याच वर्षी, १७४० ला, मालकांनी कायदा करून गुलामांना ढोल बाळगायला, वाजवायला बंदी केली. ढोल वाजला की माणसं गोळा होतात, ही भीती. तिथं ढोल वाजवायची बंदी, इथं वाजवायची सक्ती. पण मुद्दा एकच : कधी वाजवायचं ते वाजवणारानं ठरवायचं नाही. त्याच काळ्या माणसांच्या वंशजांनी पुढं न्यू ऑर्लिन्समध्ये मालकांच्या बँडची पितळी वाद्यं हातात घेतली आणि जाझ जन्माला घातला. जाझचा प्राण काय, तर ठरलेल्या चालीतून निघून ज्याचं त्यानं आपलं बोलणं. १५ सप्टेंबर १९६३ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात गोऱ्यांनी चर्चमध्ये बाँब ठेवून चार काळ्या पोरी मारल्या. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी जॉन कोल्ट्रेननं सॅक्सोफोनवर ‘अलाबामा’ वाजवलं. शब्द एकही नाही, तरी कशाबद्दल आहे ते कुणालाही कळतं. ह्याच काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं. आपण त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या कविता वाचल्या. त्यांचं वाजवणं मात्र आपण ऐकलं नाही. ते सॅक्सोफोन इथं सभागृहांत आलं तेव्हा उंची सुटाबुटातलं म्हणून आलं. गुलामाच्या नातवाचं वाद्य म्हणून आलं नाही. त्या रात्री त्या दोन मिनिटांत ते आपल्या खऱ्या घराला येऊन भेटलं, असं मला वाटलं. ते मंचावर बसलेल्यांपैकी किती जणांना कळलं, ठाऊक नाही.

म्हणून ‘उत्स्फूर्त संगीत’ हा रकाना पाहून मला हसू येतं. जसं काही हे कुणी बाहेरून आणून आपल्याला दाखवतंय. अरे, आपल्या चळवळीचं सगळं गाणं त्याच्यावरच उभं आहे. सत्यशोधकांचा जलसा, त्यातून आलेला आंबेडकरी जलसा. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला तो काय चोपडी वाचून? गणातला देव काढला, गवळणीतला कृष्ण काढला, आणि रिकाम्या झालेल्या जागी त्या दिवशी त्या गावात जे चाललं होतं ते भरलं. वामनदादा कर्डक (१९२२ – २००४) ह्या माणसानं हजारांनी गाणी लिहिली. गावोगाव फिरत, मुक्कामाला मिळेल त्या घरी राहत, समोरच्या माणसांसाठी.

आणि आपल्या विदर्भाची कव्वाली! नागोराव पाटणकरांसारखे कव्वाल ज्यांनी ऐकले त्यांना सांगायला नको. बाहेरच्यांना सांगतो. उत्तर नागपुरात, कामठीला, जिल्ह्याजिल्ह्यातल्या खेड्यांत ‘दुय्यम’ चा कार्यक्रम होतो. दोन पार्ट्या समोरासमोर. हार्मोनियम, ढोलक, बेंजो. एक पार्टी सवाल टाकते : इतिहासातला, धम्मातला, राजकारणातला, कधी समोरच्या गायकाच्या नाकाडोळ्यांवरचा. दुसरीनं जबाब द्यायचा, त्याच चालीत, त्याच यमकात, तिथल्या तिथं. पब्लिक रात्रभर बसतं. पंच असतात, पण खरा पंच पब्लिक. ढोलकवाला गायकाच्या ओठांकडे पाहून वाजवतो आणि गायक अडकला की ढोलकवाला दोन आवर्तनं भरून त्याला विचार करायला वेळ देतो. त्या दोन आवर्तनांत काय वाजवायचं ते त्याचं तो ठरवतो. हे झालं लोकसंगीत, आणि हेच उत्स्फूर्त संगीत, आणि कव्वालीत राग-सूर येतातच, म्हणजे अभिजातही. तीन रकाने लागलेच नाहीत.

लोकशाहीर विठ्ठल उमप घ्या. १९३१ साली जन्मलेला हा माणूस भारूड, गोंधळ, पोवाडा, कव्वाली, गझल, सगळं गायचा. ‘जांभूळ आख्यान’ मध्ये एकटा उभा राहून द्रौपदीच्या मनातला कर्ण बाहेर काढायचा, आणि म्हातारा पुरुष आहे हे आपण विसरून जायचो. त्यांना कुठल्या रकान्यात बसवणार? २६ नोव्हेंबर २०१० ला, संविधानाच्या दिवशी, दीक्षाभूमीवर एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटनाला ते आले आणि मंचावरच कोसळले. तिथंच संपले. एकोणऐंशी वर्षांचं वय. आमच्या शहरात, आमच्या सगळ्यात मोठ्या जागेवर, गाणारा माणूस उभ्याउभ्या गेला. नागपूरनं ती रात्र आपल्या संगीताच्या इतिहासात कुठं लिहिली आहे का, शोधून पाहा.

इथवर तुम्ही माना डोलावल्या असतील. आता आपल्याकडे वळतो, कारण नुसतं प्रस्थापितांना झोडपून झोप लागते, काम होत नाही.

१४ एप्रिलला आपल्या मिरवणुका निघतात. पुढं ट्रकवर स्पीकरच्या भिंती. गाणं मोबाइलमधून येतं. वाजवणारा कोणी नाही, दाबणारा आहे. भीमगीतं ढिगानं निघतात आणि त्यांतल्या पुष्कळांचा ठेका यंत्रात आधीच भरलेला असतो : प्रत्येक गाण्यात तोच, तेवढाच, कधी न चुकणारा. न चुकणारा म्हणजे कधी न सुचणारा. आणि जिथं अजून माणसं वाजवतात, बँड असतो, संदल असते, ढोलताशा असतो, तिथं वाजवणारे बहुतेक कोण असतात? मांग समाजाचे. आपण त्यांना सुपारी देतो. दहा पावलं चाला, चौकात थांबा, हे वाजवा, ते नको. नाचून झाल्यावर आपण जेवायला बसतो तेव्हा ते कुठं बसतात हे कधी पाहिलंय का? मी पाहिलंय. ट्रकच्या सावलीत.

आपण डफडं सोडलं ते बरोबर केलं. पण डफडं सोडताना ते ज्यांच्या गळ्यात राहिलं त्या माणसांनाही आपण सोडलं. आपण पुढं गेलो, शिकलो, आणि मांगांचं वाजवणं आपल्याला मागासलेपण वाटायला लागलं. अण्णाभाऊ साठ्यांचा फोटो आपण लावतो, आणि अण्णाभाऊंच्या जातीच्या पोराला आठ मात्रांच्या बाहेर जाऊ देत नाही. मग त्या सभागृहातल्या तबलजीत आणि आपल्यात फरक काय? त्यानं डोळे वटारले, आपण पाकीट दाखवलं.

वाट कुठून जाते ते दाखवणारी माणसं आहेत. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत पा. रंजित ह्या सिनेदिग्दर्शकाच्या पुढाकारानं ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ मंचावर आलं. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतलं, मौतीत गायलं जाणारं गाणं म्हणजे ‘गाना’. त्याला त्यांनी रॅप, गिटार आणि पराई ह्या चामडी वाद्याची जोड दिली. पराई म्हणजे त्यांचं डफडंच, आणि इंग्रजीत बहिष्कृताला ‘परिया’ म्हणतात तो शब्द त्याच पराईवाल्यांच्या जातीवरून आलेला. शिवी झालेलं वाद्य त्यांनी मंचाच्या मधोमध आणलं. कोपऱ्यात नाही. ठेका तेच ठरवतात, गिटार मागं येतं.

दुसरं उदाहरण अभिजातवाल्यांच्या घरातलंच. कर्नाटक संगीत गाणारे टी. एम. कृष्णा जन्मानं ब्राह्मण. २०२० साली त्यांनी मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिलं, ‘सेबास्टियन अँड सन्स’. मृदंगाला गाईचं कातडं लागतं. ते कमावणारे, ताणून बसवणारे, सूर जुळवणारे पुष्कळसे दलित ख्रिस्ती. वाजवणाऱ्याला पद्म पुरस्कार, बनवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. हे छापलं म्हणून चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेनं पुस्तकाच्या प्रकाशनाला दिलेलं सभागृह काढून घेतलं. कातडं चालतं, कातड्याचं नाव चालत नाही. आपल्या तबल्याची गोष्टही वेगळी नाही. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, वादीही कातड्याचीच. ते कातडं सोलणारा, कमावणारा हात कुठल्या वस्तीतला, ते त्या रात्रीच्या पत्रिकेत छापलेलं नव्हतं.

तेव्हा अशा मिश्र मैफलींबद्दल आपली भूमिका काय? बहिष्कार? मला वाटत नाही. त्या पोराला ती दोन मिनिटं मिळाली ती बहिष्कारानं मिळाली नसती. पण टाळ्याही नकोत. आपण एक कसोटी घेऊन जाऊ. ती साधी आहे, त्यासाठी राग ओळखता यायची गरज नाही. मंचाकडे पाहा आणि विचारा : पुढची मात्रा कोण ठरवतो? कोण कोणाच्या तोंडाकडे पाहून वाजवतो? ठेका मोडायचा हक्क कुणाला आहे, आणि कुणी मोडला तर त्याला ‘चूक’ म्हणतात? शेवटची तिहाई कोणाच्या हातात आहे? सूर किती गोड, आवाज किती शुद्ध, हे नंतर. लोकसंगीत, अभिजात, आधुनिक हे रकानेही नंतर. ज्याला थांबायचा, मोडायचा आणि निघून जायचा हक्क आहे तोच कलावंत. बाकीचा सेवेकरी, मग त्याच्या डोक्यावर कितीही कोरा फेटा बांधा.

आणि ही कसोटी आधी आपल्या घरात लावू. येत्या १४ एप्रिलला वस्तीतल्या मिरवणुकीचा एक तास स्पीकर बंद ठेवा. वाजवणाऱ्यांना बोलवा. त्यांची नावं फलकावर लिहा, ‘संच’ नको, नऊ असतील तर नऊ नावं. पैसे आधी ठरवा आणि नऊ जणांच्या हातात द्या. जेवायला सोबत बसा. आणि मग त्यांना काय वाजवायचं ते सांगू नका. दुय्यमची एखादी जुनी पार्टी समोर बसवा, हार्मोनियम शिकणारी आपली पोरगी असेल तर तिलाही बसवा, कॉलेजात गिटार वाजवणारा असेल तर तोही येऊ द्या. कोण कोणाच्या मागं जातं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. बिघडेल. पहिल्या वर्षी नक्की बिघडेल. बिघडू द्या.

त्या पोराला मी वस्तीत यायचं आमंत्रण दिलं आहे. त्यानं विचारलं, “किती मात्रा वाजवाच्या, भाऊ?”

मी म्हटलं, तू ठरव.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी थट्टाच करतोय.

जय भीम.